उद्भव

अर्जाच्या चौथ्या पानावर विचारलंय :
उद्भव शाश्वत आहे काय?
पेन तिथंच अडलं. मी सुगंधाकाकीकडे गेले,
उद्भव म्हणजे आपली पऱ्याकडची बाव, काकी,
ती शाश्वत आहे काय?
काकी मुशीच्या तुकड्यांना मीठ चोळत होती.
शिमग्यापर्यंत गोडं, म्हणाली, मग मचूळ,
अखितीनंतर तळाचा बेडूक दिसतो.
बेडूक शाश्वत हाय. तसं लिव.

एकोणचाळीस घरं आमची.
पुढं खाडी, मागं कातळ.
तालुक्याच्या साहेबांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला :
तुमच्याकडे साडेतीन हजार मिलिमीटर पडतो, बाई,
टंचाईच्या यादीत घालू कसं?
पडतो, साहेब.
एसटी चुकेल म्हणून उठलेल्या पाहुण्यासारखा पडतो,
जांभ्याच्या भोकाभोकांतून खाली उतरतो
आणि चहासुद्धा न घेता समुद्राला जातो.
साहेब हसले. यादी तशीच राहिली.

मग कागद.
ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब, पुन्हा ग्रामसभा, ठराव,
ठरावाची नक्कल, नकलेवर शिक्का,
आणि बावेखालच्या अर्ध्या गुंठ्याचा सातबारा.
त्यावर एकतीस नावं :
नऊ वारलेले, अकरा नालासोपारा-विरार,
एक कुवेतला,
एक कुठं आहे ते त्यालाही ठाऊक नसावं.
मेलेल्यांचे वारस शोधताना कळलं
आपण किती जणांचे कोण लागतो.

टाकीची जागा जैतूनबी सोलकरणीची.
तलाठ्यानं शाईचा डबा पुढं केला,
तिनं तो झाकण लावून परत दिला.
सही येते मला, म्हणाली,
आणि इतकी सावकाश सही केली
की पंख्याखालचा कागद मला दोन्ही हातांनी धरावा लागला.

धोंडू वासाव्यांनी मात्र दार लावून घेतलं.
एकोणऐंशी साली त्यांच्या आईची कळशी
बावेवर कुणीतरी रांगेतून उचलून मागं ठेवली होती.
कुणी, ते वाडीला माहीत आहे.
माझ्या आत्येनं.
तीन खेपा फुकट गेल्या. चौथ्या वेळी एप्रिल होता,
वरच्या रस्त्याला टँकर लागलेला.
मी माझी कळशी उचलली
आणि त्यांच्या सुनेच्या मागं नेऊन ठेवली.
कुणी काही बोललं नाही.
टँकर संपला तेव्हा माझी कळशी कोरडीच होती.
तिन्हीसांजेला सून कागद घेऊन आली,
सही वाकडी, तारीख बरोबर.

लोकवर्गणी घरटी बाराशे.
बाळा डोर्लेकरनं होडीच्या डिझेलचे दिले
आणि आठवडाभर पुळणीवर जाळी सांधत बसला.

अंदाजपत्रकात सगळं आहे :
खोदाई, कठडा, तीन अश्वशक्तीचा पंप,
नळ, तोट्या, किरकोळ व अनपेक्षित.
सुगंधाकाकीच्या मानेचं कलम नाही कुठं.
चुंबळ घसरू नये म्हणून
चाळीस वर्षं ती मान एका बाजूला कललेली,
फोटोतसुद्धा, लेकीच्या लग्नातसुद्धा.
मी ती किरकोळमध्ये धरली नाही.
अनपेक्षितमध्येही बसत नव्हती.

चौथ्या पानावर शेवटी लिहिलं : होय.
बेडकाचं कळवलं नाही.

फाईल दोनदा परत आली.
तिसऱ्यांदा मंजुरी,
खाली गोल निळा शिक्का, थोडा पुसटलेला.
फक्त 'खारवीवाडी'च्या जागी
'खारीवाडी' पडलंय.
शुद्धिपत्रकाला वेगळा अर्ज, वेगळा महिना.

काकीला वाचून दाखवलं.
ऱ्हाव दे की, म्हणाली,
खोटं काय हाय त्यात?

मी नवा कागद घेतला.
'वी' जरा मोठा काढला.