उत्तर देणारी

किंडरगार्टनच्या बाईंनी कागद पाठवलाय घरी.
"मोठी झाल्यावर मी होणार"
आणि पुढे एकच रेघ, बोटभर.
शरयू म्हणते, एवढ्यात मावत नाही.
मग ती समासात शिरते, कागद आडवा करते,
मागची बाजू घेते,
थोडं टेबलही घेते.

आधी होणार होती हातमोजे पोचवणारी.
डुलुथमध्ये एप्रिलात बर्फ मागे सरला
की कुंपणाच्या खुंटांवर दिसू लागतात एकेकटे हातमोजे,
कुणीतरी उचलून अडकवलेले, बोटं वर,
वर्गात उत्तर येत असल्यासारखे.
त्यांना त्यांचे हात शोधून द्यायचे.
पगार: जोडीमागे एक संत्रं.

मग धुकं मोजणारी.
लोक फोन करून विचारणार, आज किती?
ही खिडकीतून बघून सांगणार: चर्चपर्यंत.
किंवा: आपल्या गाडीच्या आरशापर्यंत.
किंवा: थांबा हं, आईच दिसत नाहीये.

मध्येच दोन दिवस लिफ्टची डॉक्टर,
कारण बाबाच्या हॉस्पिटलातली लिफ्ट
चौथ्या मजल्याला कण्हते
आणि तिथे इतके डॉक्टर असून
तिला कुणी विचारत नाही.

गेल्या मंगळवारपासून मात्र फक्त पूल.
कालव्यावरचा लोखंडी पूल,
तो दुभंगत नाही, बाजूला होत नाही,
अख्खा वर जातो,
भरलेली परात उचलावी तसा, न सांडता.
खालून खनिजाची बोट जाते, आमच्या गल्लीहून लांब.
बोट भोंगा देते: एक लांब, दोन आखूड.
पूल तसाच भोंगा देतो परत.
वाऱ्याने आमच्या डोळ्यांना पाणी,
आणि ही कठड्याला चिकटून, टोपी कुठेतरी.

पूल चालवायचा नाहीये तिला.
"चालवेल कुणीही. मला उत्तर द्यायचंय."
म्हटलं, आधी बोट काय म्हणते ते कळायला हवं.
"सोप्पंय. आऽऽऽले. आले. आले."
आणि पूल?
"येऽऽऽ. ये. ये."
एवढंच काम, दिवसभर.
डब्यात थालीपीठ लागेल, मध्ये घरी यायला जमणार नाही.

समोर बसून मीही एक कागद भरत होते,
त्यातही चौकोन होता: व्यवसाय.
सात वर्षं मी धरणांच्या भरावाची माती तपासली,
नगरच्या उन्हात, नमुन्यांच्या पिशव्यांवर
तारीख आणि खोली लिहीत.
व्हिसावर त्याचं नाव निघालं: अवलंबून.
पेन टेकवलं, उचललं.
ठिपका तेवढा पडला.

शरयूने मान लांब करून पाहिलं.
"तुला सुचलं नाही अजून?"
नाही गं.
तिने बाईंचा आवाज काढला:
"घाई नाही. पण जेवणाआधी दे."

रात्री साडेअकराला सुपीरियरवर भोंगा वाजला.
पुलाने उत्तर दिलंही असेल,
वारा उलटा होता, ऐकू आलं नाही.
भिंतीपलीकडून, गाढ झोपेत,
एक लांब आला.
मग एक आखूड, अर्धा उशीत.
मी वाट पाहिली.
बोट तिकडे थांबलेली असणार, अंधारात,
दिवे लावून, सगळं खनिज पोटात घेऊन.

तिसरा राहिला होता.
तो मी दिला.