दाताचा तुकडा

तिसऱ्या दिवशी ये म्हटलं होतं, आनाक्लेतो,
तू पाचव्या दिवशी आलास,
हाताला केळीचं पान गुंडाळून,
आणि पानाखाली कसलासा पाला वाटून लावलेला.
मी रागावले नाही. पाला धुतला.
सलाईनच्या दोन बाटल्या रित्या झाल्या,
कपाटात उरल्या चार,
व्हिकेकेहून गाडी मंगळवारी, रस्ता असला तर.

टाके का नाही घातले, ओलिंदानं विचारलं,
एवढी जखम, आणि दार सताड उघडं?
बाई गं, मगरीच्या तोंडात सगळी नदी असते,
कुजके मासे, गाळ, म्हशींचं शेण.
ते आत कोंडून दार लावलं
तर रात्रीतून हात टम्म फुगेल.
आधी घाण बाहेर येऊ दे,
तळातून लाल मांस भरत येऊ दे,
मग बघू, शिवायचं की नाही.

नोंदवहीत रकाना आहे : इजेचं कारण.
मी लिहिलं, मगर.
तू उलट्या बाजूनं वाचलंस.
म्हणालास, सिस्टर, असं नाव नाही घ्यायचं.
आजोबा लिहा.
मी दिलीत चार वर्षं शिकलेली.
पण माझी आईसुद्धा पाण्यात पाय घालण्याआधी
हाक द्यायची : आवो, आम्ही तुमचीच लेकरं.
मी खोडलं नाही. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं.

माझं काय चुकलं, हे तू दर भेटीत विचारतोस.
भावाचा जमिनीतला वाटा,
हुंड्यात कबूल केलेली आणि न दिलेली म्हैस.
चिमटा आत जातो
आणि तू पापं मोजत बसतोस.
माझ्याकडे प्रश्न एवढेच :
बोटं वळतात का? अंगठा तर्जनीला लागतो का?
रात्री थंडी भरली? वास येतो? काखेत गाठ?
यातलं एक जरी असेल तर पायी नको,
कुणाची तरी मोटरसायकल धर.
पापांना रकाना नाही.

नवव्या दिवशी चिमट्याला काही कट्ट लागलं.
हाड, असं वाटून मी थांबले.
मग निघालं ते : तांदळाच्या कणीएवढं,
पिवळट, एका बाजूनं अजून धारदार.
म्हणून भरत नव्हती जखम.
तू कितीतरी वेळ ट्रेकडे बघत राहिलास.
मला वाटलं, आता रडेल.
तू विचारलंस,
त्यांचं तोंड दुखत असेल का?

त्यांचे दात परत येतात, मी म्हणाले.
आणि माझं बोट?
करंगळी नाही वळणार. बाकीची तीन वळतील,
रोज कोमट पाण्यात, वीस वेळा, दुखलं तरी.
चेंडू नसेल तर गुंडाळलेला मोजा दाब.

तुकडा तू कागदात बांधून नेलास.
नदीला परत देणार की गळ्यात घालणार,
मी विचारलं नाही. एवढंच म्हटलं,
जखम भरेतो पाण्यात उतरायचं नाही.
टाकायचा तर काठावरून टाक.
काठही जरा लांबचाच धर.

धनुर्वाताची दुसरी सुई महिन्यानं घेतलीस.
तिसरी सहा महिन्यांनी, म्हणजे ऐन पावसात,
नदी रस्त्यावर असते तेव्हा.

आज ओलिंदा एकटीच आली,
कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत.
म्हणाली, जाळं विणतोय, तीन बोटांनी.
गाठी सैल पडतात, मासे सुटतात,
आणि म्हणतो, सुटू देत,
आजोबांनाही काही लागतंच की.

कार्डावरची तारीख मी खोडली, नवी घातली.
सुई घेऊन मीच येते, थंड डब्यातून.
नदी कुठून ओलांडायची
तेवढं सांग.