नऊ दिवस

टोलीडोच्या या इस्पितळात
सतरा वर्षं मी शेरे टाइप करते.
तिसरा मजला, रेडिएटरशेजारचं टेबल.
सर्जन होऊ घातलेली पोरं येतात, पाच वर्षं झोपेला मुकतात,
आणि त्यांचं कौतुक किंवा गाऱ्हाणं
मी ठरलेल्या चौकोनांत बसवते.

रेनेटा बॉयकिनच्या फाईलमध्ये
फेब्रुवारीपर्यंत एकच सूर:
हात स्थिर. आणीबाणीत डोकं शांत.
एकाने तर लिहिलं होतं,
माझ्या आईचं ऑपरेशन मी हिच्या हाती देईन.

दोन मार्चला तिने तक्रार दिली.
डॉक्टर हॉलकोम पेशंटदेखत तिला जेवणाचे ट्रे उचलायला लावतात,
तिच्या केसांवर टोपी बसेल का म्हणून सगळ्यांना हसवतात,
मोठी केस तिच्या नावावर लागली
की सकाळी ती भलत्याच्याच नावावर असते.
चार पानं. रडगाणं कुठेच नाही.
वेळ, खोली, कोण हजर होतं, एवढंच.

अकरा मार्चला माझ्या टेबलावर तीन नवे शेरे.
'इतरांशी जमत नाही.'
'ऐकून घेण्याची वृत्ती कमी.'
'वर्तनाबाबत चिंता.'
हातांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

वर पिवळी चिठ्ठी:
डोरोता, यांवर जानेवारीची तारीख घाल.

पहिल्यावर मी घातली.
खोटं कशाला बोलू?
पेन्शनला तेवीस महिने उरलेत,
स्टॅनच्या डायलिसिसचा विमा याच नोकरीवर.
पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेतं?

दुसऱ्यावर बोट अडलं.
सही करणारा अख्खा जानेवारी रजेवर होता.
तो अर्जही मीच टाइप केला होता.

मेमध्ये करार न वाढवल्याचं पत्र न्यायला
ती स्वतः खाली आली.
उभ्या उभ्या वाचलं, दोनदा.
मग मला म्हणाली, स्पेलिंगची एकही चूक नाही,
तुम्हीच केलं असणार.
तिच्या आवाजात टोमणा होता का,
अजून मला ठरवता आलेलं नाही.

उद्या दहाला तिच्या वकिलाने बोलावलंय.
चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे, चष्म्याच्या डबीत.
तिचा गोंद वाळलाय,
आता ती कशालाच चिकटत नाही.

वकील विचारेल,
पहिली तारीख कुणी घातली?