वाळवणी यंत्राची क्षमता

फैजपूरला एसटी स्टँडामागे माझं ऑनलाइन सेंटर.
दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक कुरकुरता पंखा.
मे महिना. डांबर चपलेला चिकटतंय.
द्वारकाबाई भारंबे चौथ्यांदा आल्यात,
पिशवीतून कागद काढतायत
ओल्या कापडावरून बिबडी सोडवावी तसे,
कडेकडेनं, श्वास धरून.

सहा बाया, दोन चुली, एक पितळी पातेलं
आणि धुवट धोतराचे तुकडे : हा त्यांचा कारखाना.
ज्वारी तीन दिवस भिजते,
चौथ्या दिवशी गल्लीभर आंबूस वास,
आणि तो कुठल्याच रकान्यात बसत नाही.

विहिरीच्या पाण्याचा अहवाल जळगावहून आला
तोवर विहीर आटली. आता नळाचा नवा.
सहाही जणींचे तब्येतीचे दाखले लागतात.
कोकिळा त्या रांगेत चक्कर येऊन पडली,
दाखला आला : सुदृढ.
पाकिटावर वजनाचा आकडा किती मिलिमीटर उंच हवा
ते ठरलेलं आहे. वजन मात्र उन्हाच्या मनावर :
वैशाखात किलोत पन्नास बिबड्या,
आभाळ आलं की चाळीसच.

साहेब येऊन गेले. भला माणूस.
बूट बाहेर काढले, गरम घाटा मागून घेतला,
वर कच्चं शेंगदाण्याचं तेल, दोनदा.
म्हणाले, आमची आई असाच करायची.
मग हात पुसून लिहिलं :
उत्पादन उघड्यावर वाळवले जाते. त्रुटी क्रमांक सात.
"साहेब, झाकलं तं वाळीन कसं?"
साहेबांनी वर पाहिलं.
वर नुसतं आभाळ होतं.

नियम खोटा नाही, मलाही कळतं.
कधीतरी कुणाचं पोट दुखलं असेल, कुणाचं लेकरू दगावलं असेल,
त्याशिवाय कोण एवढं लिहून काढतो?
पण लाल चांदणीच्या रकान्यात आम्ही अडलोय :
वाळवणी यंत्राची क्षमता, किलोवॅटमध्ये.

"उन्हाले किती ऱ्हातात रे भाऊ?"

मी 'ऊन' टाइप करतो. कृपया अंक भरा.
शून्य भरतो. शून्य ग्राह्य नाही.
एक भरतो. सूर्य तर एकच आहे.
फॉर्म सरकतो पुढे, नम्रपणे विचारतो :
यंत्र खरेदीची पावती जोडा.

त्या हसत नाहीत. दारातली सावली बघतात.
"पोरी एकल्या हायेत. कापडं पलटाले जावं लागीन.
तू भर काहीतरी."
टेबलावर वीस रुपये, त्यावर एक बिबडी,
आणि गेल्या.

ट्यूबलाइटसमोर धरली :
पीठ थापल्याचे ठसे, पाची बोटांचे, स्पष्ट.
आधारच्या मशीनवर यांचं एकही बोट उमटत नाही.
घासून गेलीत, म्हणतं मशीन.

मसुदा जतन केला.
तीस दिवस राहील म्हणे.
तीस दिवसांनी जून असेल.