उसने पाच

काढा प्यायला की पाच पातळ्या चढतात,
आणि दर मिनिटाला एक गळते.
माझी सोनारीण एक्क्याऐंशीवर अडकलीय केव्हाची,
नागमोडी कड्याला शहाऐंशी लागतात.
म्हणजे हातात एक मिनिट. खरं तर पन्नास सेकंद,
कारण रविवार पेठेत दहा सेकंद नेट खातं.

पहिल्यांदा मी आधी प्यायले
आणि मग कोठाराकडे धावले, तार आणायला.
परत येईस्तोवर पाचाचे दोन झाले होते.
चिखलीहून खेळणाऱ्या सर्वेशनं,
ज्याला मी अजून पाहिलेलं नाही,
एवढंच लिहिलं: आधी मांड. मग पी.

आता मांडते.
तार, खडे, साचा, भट्टीपासून दोन पावलांवर.
बाटली सगळ्यात शेवटी.

अण्णांची गोळी सव्वादहाची.
दुधाचा चहा त्यानंतर तासाभरानं,
दूध गोळीला वाटेत अडवतं म्हणे.
अकराच्या सुमाराला बोटं थांबतात,
फ्रीजची घरघर थांबल्यावरच ती चालू होती हे कळावं, तशी.
पाऊण वाजता पुन्हा सुरू.
चाळीस वर्षं पटवेकरी केलेला माणूस
त्या मधल्या वेळात सुई शोधायचा,
चष्मा पुसायचा, गिऱ्हाइकाशी पार्किंगवर बोलायचा.
मी बघायचे, आणि माझ्या पोटात
पाचाचे दोन व्हायचे.

एका मंगळवारी मी दहालाच मांडलं.
लाल रेशीम ओवलेल्या सात सुया, उशीत टोचून.
पुतळ्या ताटात, कड्या वर करून.
गोंड्याची जर वेगळी.
दुकानाचा फोन माझ्या खिशात.
अण्णा बघत राहिले.
"हे कुठं शिकलीस?"
"एका सोनारणीकडे," म्हटलं. खोटं नव्हतं.

अकरा पाचला पहिली गाठ.
मध्ये बोलले ते एकदाच:
"त्या तुझ्या बाईचा काढा उतरला
की कडं मोडतं का?"
"नाही. राहतं तसंच. वर तिचं नाव येतं."
"आणि काढ्याचं?"
"नाही येत."
"हं," म्हणाले,
आणि पुढची सुई मागितली.

बारा बेचाळीसला गोंडा वळून झाला.
तीन मिनिटं उरली होती.
एखादी बांगडी आवळून झाली असती.
त्यांनी काहीच केलं नाही.
पंजे ताटाशेजारी पसरले
आणि बघत बसले.

संध्याकाळी रणपिसेबाई आल्या, नातसुनेची माळ न्यायला.
अण्णांचा हात मांडीखाली होता
आणि मांडीच हलत होती.
बाईंनी माळ ट्यूबलाइटकडे धरली,
गाठ न् गाठ नखानं चाचपली,
मग त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"कुणी ओवली?"

"मी," अण्णा म्हणाले.
"अकरा ते पाऊण."

आणि मजुरी पूर्ण सांगितली.