कंट्रोल क्यू

उदगीर. रात्रीचे पावणेदोन.
फ्लेक्सचं मशीन तापून उभं,
अन् अहमदपूरहून आलेल्या फायलीत
'भावपूर्ण'चा रफार
शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेला.

मुजीबनं फोन लावला.
"मन्मथअप्पा, रफार पळूलालाय.
तुमचा फॉन्टच न्हाई माझ्याकडं."
"थांब की. कर्व्ह करून धाडतो.
सगळं सिलेक्ट, कंट्रोल क्यू.
मग अक्षर अक्षर राहत न्हाई बग,
नुसती रेघ. हलत न्हाई कुठं."

फाईल आली. रफार जागेवर.
पण शेवंताबाईंची
शेवताबाई झालेली,
अन् आता टाईप करता येईना.
अप्पाचा फोन बंद.

मुजीबनं 'श्रद्धांजली' फोडली,
तिचा अनुस्वार कॉपी केला,
जरा लहान केला,
अन् बाईंच्या नावावर
टिकली लावावी तसा
हलकेच टेकवला.