शेरा

बावधनला, टाइल्सच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर
आम्ही नऊ दिवस दहा बाइटांवरून भांडलो.
आठ वेळेचे, दोन ठिकाणाचे.
प्रत्येक व्यवहाराच्या पाठीवर एवढंच गोंदायचं :
कधी झाला, कुठल्या नोडवर जन्मला.

पेंढारकर म्हणाले, ज्याला नको त्यानं का वाहायचं?
दिवसाला चार कोटी व्यवहार, गुणिले दहा,
मांडा फळ्यावर.
मांडलं. चारशे एमबी.
फार वाटेना, म्हणून त्यांनी स्वतः उठून
खाली लिहिलं : रोज.
आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

नौशीन बागवान उभ्यानंच बोलते.
तिचे वडील जिल्हा परिषदेत आवक-जावक बघायचे.
नंबर पडला नाही तर कागद आलाच नाही, म्हणायचे,
मग तो तुमच्या हातात का असेना.
आणि रजिस्टरच्या कडेला शेवटचा रकाना, शेरा.
पानंच्या पानं कोरा.
‘कोरा रकाना आखायलाही शाई लागते,’ पेंढारकर.
‘लागते. पण गरज पडल्यावर
मागच्या पानांवर तो आखता येत नाही.’

यशोधन म्हणाला, मग मोकळी जागाच ठेवू,
ज्याला जे लिहायचं ते लिहील.
‘नाही,’ दोघंही एकदम म्हणाले.
नऊ दिवसांत तेवढंच एकमत.

मग नौशीननं पतसंस्थेचं प्रकरण काढलं.
इंदिरा शिळीमकर, ठेव खातं, वारसाचं नाव.
सकाळी अकरा बेचाळीसला धनकवडीच्या खिडकीवर : मुलगी.
त्याच मिनिटाला त्यांच्या मोबाइलवरून, खराडीच्या नोडवर : पुतण्या.
मोबाइल कोणाच्या हातात होता ते आपलं काम नाही.
आपलं काम पुढचं.
खराडीनं धनकवडीचं ऐकलं, धनकवडीनं खराडीचं,
अगदी दारात ‘आधी तुम्ही’ म्हणणारी दोन सभ्य माणसं,
आणि आता धनकवडीला दिसतो पुतण्या,
खराडीला मुलगी.
दोन्ही नोंदी नीट. दोन्ही सही-सलामत.
‘यातली नंतरची कोणती?’

खालच्या दुकानात कोणीतरी फरशी कापत होतं.
ती कापून होईपर्यंत पेंढारकर थांबले.
‘खराडीचं घड्याळ तीन सेकंद पुढे आहे,
मीच मोजलंय.
वेळ लिहिली म्हणून ती खरी होते का?’
नौशीन पहिल्यांदा खाली बसली.
‘नाही होत,’ म्हणाली.
‘पण खोटी तरी सापडते.’

शेवटी ठरलं ते असं :
एक बटन ठेवायचं, मुळात बंद.
ज्याला हवं त्यानं चालू करावं.
चालू करण्याआधीच्या व्यवहारांबद्दल
काहीही विचारू नये,
हे मात्र पहिल्याच पानावर, ठळक.

इतिवृत्त माझ्याकडे होतं.
मी लिहिलं : श्री. पेंढारकर, हरकत.
सोमवारी फाइल उघडली तर
श्री. पेंढारकर, हरकत नाही.
कोणी केलं, कधी केलं,
आमची फाइल फक्त शेवटचं तेवढं जपते.

चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं.
त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला,
उजेडात धरून पाहिला, पुन्हा पुसला.
‘मीच केलं असेल,’ म्हणाले.
थोडं थांबून :
‘बहुतेक.’